बुवांचा अंगठा

“अंगठा कुठला, बुवा? उजवा की डावा?”

गिरीबुवांचा हात थांबला नाही. मडक्यात चुना भिजत होता आणि ते काठीने तो ढवळत होते.

“कशाला पायजे?”

“ताडून बघायला.”

“काय ताडायचंय?”

“ती चित्रं तुमचीच आहेत का, ते.”

“मग चित्रं बघ की. अंगठा कशाला बघतोस?”

निरंजन सबनीसने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांना असं दुर्लक्ष चांगलं जमतं आणि निरंजन आता मोठा माणूस होता.

किती मोठा, तेही सांगून टाकलेलं बरं. रस्त्याकडेच्या भिंतींवर कुणी काढून ठेवलेली चित्रं हल्ली भिंतीसकट कापतात, लाकडी चौकटीत बसवतात आणि मुंबईत त्यांचा लिलाव होतो. पण बोली लागण्याआधी एक कागद लागतो. चित्र खरं आहे, ज्याचं म्हणतात त्याचंच आहे, असं सांगणारा. गिरीबुवांच्या चित्रांपुरता तो कागद एकच माणूस देत असे. निरंजनने ‘खरं’ लिहिलं की भिंत पंचवीस-तीस लाखांना जाई. त्याने ‘खोटं’ लिहिलं की तिचा राडारोडा होई.

गिरीबुवा म्हणजे डिगरवाडीच्या घाटावरच्या मठीतले गोसावी. उभ्या आयुष्यात त्यांनी कृष्णाकाठची गावं पायी पालथी घातली. रिकामी भिंत दिसली की घरात विचारायचं, चुना-गेरू-काजळी कालवायची आणि बैल काढायचा, नाहीतर कोंबडी, नाहीतर जात्यावर बसलेली बाई. भाकरी मिळाली तर खायची, नाही मिळाली तर पुढचं गाव. चित्राखाली नाव म्हणून कधी घातलं नाही.

एकोणीस वर्षांचा निरंजन दोन उन्हाळे त्यांच्या मागे चुन्याची बादली घेऊन फिरला होता. पुढे तो मुंबईला गेला, परदेशी गेला, परत आला आणि त्याने बुवांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. पुस्तकाने बुवांचं नाव झालं. निरंजनचं जरा जास्तच झालं.

त्या पुस्तकातला गाजलेला शोध होता काळ्या ठशाचा. बुवांच्या प्रत्येक चित्रात कुठेतरी एक काळा ठसा असतो, हे निरंजनने जगाला सांगितलं. तो अंगठा आहे, हेही त्यानेच सांगितलं. ‘निरक्षर कलावंताची सही’ असं त्या प्रकरणाचं नाव होतं. जुन्या भिंतींवरचे ठसे पावसापाण्याने पुसट झालेले होते, रेषा काही दिसत नव्हत्या. पण पुस्तक आल्यावर एकेक करून सात भिंती बाजारात आल्या, सात वेगळ्या गावांतल्या. सातांवरही ठसा लख्ख आणि सातही ठिकाणी अंगठा एकच. आपला सिद्धांत इतका चोख निघालेला पाहून निरंजनला आभाळ ठेंगणं झालं. त्याने सातही खऱ्या ठरवल्या. चार विकल्या गेल्या होत्या आणि तीन शनिवारच्या लिलावात होत्या.

मग खुद्द डिगरवाडीतूनच आठवी भिंत निघाली. शेवंता परीट नावाच्या बाईच्या इस्त्रीच्या दुकानाची. रस्ता रुंद होणार होता, दुकान पडणार होतं. कुणीतरी म्हणालं, आतल्या भिंतीवर बुवांनी काढलेलं गाढव आहे, ते तरी वाचवा. निरंजनने फोटो मागवले. ठसा जुळेना. त्याने ‘खोटं’ लिहून पाठवलं.

गावात बोंब झाली. पेपरात छापून आलं. लिलाववाले निरंजनला म्हणाले, बुवा हयात आहेत ना? मग त्यांचा अंगठाच घेऊन या, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील.

म्हणून तो आला होता. शाईचा पॅड, भिंग, फोटो, सगळं घेऊन.

गुरूकडे माणूस दोनदा जातो. काही येत नसतं तेव्हा आणि सगळं येतं असं वाटत असताना पाय घसरतो तेव्हा. निरंजनला मात्र आपण तिसऱ्याच कामाला आलोय असं वाटत होतं.

“उजवा द्या आधी.”

बुवांनी काठी मडक्याला टेकवली, हात पुसला आणि अंगठा पुढे केला. निरंजनने तो शाईत टेकवला, कागदावर दाबला. भिंग लावलं.

…

“डावा बघू.”

बुवांनी डावा दिला.

निरंजनने भिंग पुसून पुन्हा लावलं. कागद दारापाशी उजेडात नेला. परत आणला.

…

“जुळत नाही,” तो म्हणाला.

“पायाचा देऊ?”

निरंजनला हसू आलं नाही.

“बुवा, सात चित्रांवर एकच अंगठा आहे. आणि तो तुमचा नाही.”

“मग नसंल.”

“असं कसं? माझ्या पुस्तकात…”

“तुझं पुस्तक हाय की हितं. बघ काढून.”

पुस्तक कोपऱ्यात पाण्याच्या हंड्यावर होतं. झाकण म्हणून ते अगदी मापाचं होतं. वर पितळी तांब्या ठेवून ठेवून त्याच्या पांढऱ्या मुखपृष्ठावर गोल डाग उमटला होता. निरंजनने ते आल्या आल्याच पाहिलं होतं आणि त्याला लागलंही होतं.

“उघडून तरी बघितलंत का कधी?”

“वाचलं की. दोन डाव वाचलं.”

“तुम्ही?”

“तू बादली घासायला घाटावर जायचास, तवा मी हितं पोथी वाचत असायचो. ठावं न्हाई व्हय तुला?” बुवा पुन्हा चुना ढवळू लागले. “मला निरक्षर केलंस. मजा वाटली वाचून.”

निरंजनच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“सही करायची असती तर नाव नसतं का घातलं, बाबा?” बुवा म्हणाले.

“मग तो अंगठा…”

“अंगठा न्हवं त्यो.”

“मग काय आहे?”

बुवा उत्तर देणार, एवढ्यात दारातून हाक आली.

“बुवा, हायसा का?”

दारात एक साठीची बाई उभी होती. हातात इस्त्री केलेल्या भगव्या छाट्यांचं गाठोडं होतं.

“ये शेवंताक्का. हे निरंजन सबनीस. मुंबईचं.”

बाईने निरंजनला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. कापड हातात घेतल्यावर डाग शोधावा, तसं.

“तुमीच व्हय त्ये? माझ्या भिंतीला खोटी म्हनलासा?”

“भिंतीला नाही. चित्राला म्हणालो.”

“चित्र माझ्या म्होरं काढलंय बुवांनी. धाकटं पोर काखंत घिऊन हुबी हुते मी. गाढवाचं कान लांब झालं म्हनून हसले, तर बुवा म्हनले, आसूं दे, तुजं बोलनं ऐकाया बरं.”

बुवा गालात हसले.

“बाई, असं नुसतं सांगून चालत नाही,” निरंजन म्हणाला. “पुरावा लागतो.”

“आन् मी काय हाय मग?”

…

असं कुणी अडवलं की मुंबईत निरंजन चष्मा काढून पुसत असे. इथेही त्याने तेच केलं.

“सोमवारी जेसीबी येनार हाय,” शेवंताबाई म्हणाल्या. “मला त्येचं पैसं नगंत. दुकानाचं मिळाल्यात. पन त्या गाढवाकडं बघत कापडं मोजलीत वो मी जलमभर. मालक गेलं तवा बी त्येच हुतं म्होरं. म्हनलं कुटंबी न्या, कुनाच्या बी दारात ठेवा, पन पाडू नगा. तर तुमचा कागद आला. खोटं हाय, पाडा.”

त्या खाली वाकल्या आणि गाठोड्याची गाठ सोडू लागल्या.

निरंजनची नजर त्यांच्या हातावर गेली. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट. बोटाच्या पेरावरून एक पांढुरका व्रण तिरका गेला होता.

ती तिरकी रेघ त्याने पाहिली होती. भिंगातून, आठव्या भिंतीच्या फोटोत. आपल्या अहवालात त्याने लिहिलंही होतं : ठशातून एक तिरकी चीर गेलेली आहे, ठसा बनावट असल्याचं हे स्पष्ट लक्षण होय.

“बाई… जरा बोट दाखवता?”

शेवंताबाईंनी हात पदराखाली घेतला. “भाजल्यालं हाय. इस्त्री नवी हुती तवाचं. लई जुनं झालं.”

“दाखवा ना.”

त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी मान हलवली. मग त्यांनी हात पुढे केला.

निरंजनने फोटो काढला, त्यांच्या बोटाशेजारी धरला आणि भिंग लावलं. शाईची गरजच पडली नाही.

…

“हा ठसा तुम्ही उमटवलात?”

“ठसा कसला? गालबोट हाय त्ये. गाढव माझं, मग गालबोट कुनी लावायचं?”

निरंजनने भिंग खाली ठेवलं.

“गालबोट आई लावती, निरंजन,” बुवा म्हणाले. “सुईण न्हाई लावत.”

लेकराला दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या गालावर काजळाचं बोट लावतात, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निरंजनलाही ठाऊक होतं. त्याने फक्त त्याला सही म्हटलं होतं, आणि बोटाला अंगठा.

आणि मग त्याला आठवायला नको ते आठवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात बुवांनी त्याच्याच घराच्या मागल्या भिंतीवर गाय काढली होती. चित्र झालं, बुवांनी काजळाची डबी पुढे केली आणि म्हणाले, बोट लाव. “इतक्या चांगल्या चित्रावर डाग कशाला?” असं म्हणून तो बादली विसळायला निघून गेला होता. निरंजन म्हणजे ज्याला काजळ लागलेलं नाही असा. बुवा तेव्हा एवढंच म्हणाले होते, “नाव शोभतं रं तुला.” तो परत आला तेव्हा स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने आई बाहेर आली होती आणि गाईच्या गालावर बोट टेकवत होती. पुस्तक लिहिताना त्याला चुना आठवला, बादली आठवली, उन्हाळे आठवले. आईचं ते बोट आठवलं नाही. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

शेवंताबाईंनी छाट्या कोनाड्यात रचल्या, रिकामं फडकं झटकलं.

“येते बुवा. दुकान उघडं टाकून आलेय.” दारात त्या वळल्या. “सायेब, सोमवारी हाय बरं का त्ये.”

त्या गेल्या. मठीत काठीचा आवाज तेवढा राहिला.

निरंजनने सात भिंतींचे फोटो बुवांपुढे जमिनीवर मांडले.

“मग ही?”

बुवांनी एकेक उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ घेतला.

“हात चांगला हाय. ह्या बैलाचं वशिंड बघ. मला बी असं जमत न्हाई आता. कोण पोरगं हाय? घिऊन ये की एकदा.”

“म्हणजे खोटी आहेत.”

“चित्र कसं खोटं असंल? बैल बैलावानी हाय. अंगठा खोटा हाय.”

“पण त्याने अंगठा का लावला? बोट का नाही लावलं?”

बुवांनी नुसतं कोपऱ्यातल्या हंड्याकडे पाहिलं.

…

निरंजनला उमगायला तेवढं पुरलं. आधी पुस्तक आलं होतं आणि मग भिंती आल्या होत्या. कुणा हुशार माणसाने त्याचं पुस्तक समोर उघडं ठेवून, ओळीओळीला बोट लावत, बुवांची चित्रं काढली होती. पुस्तकात अंगठा होता म्हणून त्याने अंगठा लावला. आणि ज्याने पुस्तक लिहिलं, त्यानेच ती चित्रं खरी ठरवली.

“मी भिंतीला चुना लावायचो,” बुवा म्हणाले. “त्यानं तुला लावला.”

“तुम्ही आधी का नाही बोललात?”

“तू कवा इचारलंस? पुस्तक घिऊन आलतास, तवा तू सांगाय आलतास.”

हे खरंच होतं. त्या दिवशी निरंजनने दुपारभर बुवांना बुवांची चित्रं समजावून सांगितली होती.

तो उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला.

“शनिवारी त्या तीन भिंती विकल्या जातील. माझ्या शब्दावर.”

“व्हय.”

“शेवंताबाईंची भिंत खरी म्हणून लिहायची, तर तो ठसा बुवांचा नसतो, घरच्या माणसाचा असतो, हे लिहावं लागेल.”

“व्हय.”

“ते लिहिलं की सातही गेल्या. ज्यांनी चार घेतल्या, ते माझ्या दारात येतील.”

“येतील.”

“म्हणजे मी गेलो, बुवा.”

बुवांनी चुन्यात पाण्याची चूळभर धार सोडली.

निरंजनचं डोकं आता वाट शोधू लागलं होतं. ते हुशार डोकं होतं. वाट नसेल तिथेही ते एखादी पायवाट काढत असे.

“एक करता येईल,” तो पुढे सरकून म्हणाला. “शेवंताबाईंच्या भिंतीपुरतं तुम्ही दोन ओळी लिहून द्या. ती माझी आहे, असं. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं. मग ठशाचा प्रश्नच येत नाही. त्यांचं गाढव वाचेल. सातांचं पुढे सवडीनं बघू. शनिवार तेवढा जाऊ दे.”

“काय लिहू?”

“भिंत माझी आहे.”

“शेवंताची हाय ती. मी माझी कशी लिहू?”

“चित्र माझं आहे, असं लिहा.”

“ते बी तिचं हाय. तिनं बोट लावलं तवाच तिचं झालं.”

“बुवा, जग असं चालत नाही!”

“मग थांबलंय का?”

…

बाहेर घाटावर कुणीतरी घागर बुडवली. निरंजनने फोटो गोळा केले, ते नीट जुळवले, पुन्हा विस्कटले.

“वीस वर्षं घातली मी यात,” तो म्हणाला. आवाज एकोणीस वर्षांच्या पोराचा झाला होता. “भल्याभल्यांनी शोधून पाहिलं. माझ्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा सापडली नाही.”

“हां.”

“आता त्याला गालबोट लागेल, बुवा.”

बुवांची काठी थांबली. ती त्यांनी मडक्याच्या काठावर आडवी ठेवली. गुडघ्यावर हात देऊन ते उठले, कोपऱ्यात गेले. हंड्यावरचा तांब्या उतरवून खाली ठेवला. पुस्तक उचललं, नुकत्याच धुतलेल्या छाटीने त्याचं ओलं पुसलं. ते आणून निरंजनपुढे ठेवलं आणि पहिलं पान उघडलं. कोऱ्या, गुळगुळीत पानावर मधोमध निरंजनचं नाव होतं.

मग मठीतल्या जुन्या समाधीपाशी जळणाऱ्या दिव्याशेजारच्या कोनाड्यातून त्यांनी काजळाची डबी काढली. झाकण उघडलं. डबी पुस्तकाला लागेल इतकी पुढे सरकवली.

…

“लागायच्या आधी लाव.”